काटेसाहेबांचे पन्नास घोडे

एखादी गोष्ट तुम्हाला शोभत नाही असं चार लोकांनी सांगितलं, की ती घेतल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. वजनमापे खात्याचे निरीक्षक काटेसाहेब यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार घेतली ती अशीच. ती कुठून आणि कशी आली, हा विषय त्यांच्या घरात काढायचा नसतो. आपणही काढू नये.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते बाजारात शिरले की दुकानदार तराजूचा काटा आधी नीट करत आणि चेहरा मागाहून, त्यावरून पडलेलं हे नाव. उभा जन्म दुसऱ्याच्या काट्यातली खोट काढण्यात गेलेला, त्यामुळे खोट आपल्याकडेही असू शकते हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली वहिनी म्हणत असे. वहिनींच्या मनाला तो विचार अधूनमधून शिवायचा, पण त्या समजूतदार होत्या.

गाडी मात्र देखणी. बॉनेट उघडलं की आत शिवणयंत्रापेक्षा जरा मोठं इंजिन. कागदोपत्री ताकद पन्नास अश्वशक्ती. पन्नास घोडे ऐकायला बरे वाटतात, पण त्यातले पंधरावीस म्हातारे झाले असावेत. काटेसाहेबांना त्याचं काही वाटत नव्हतं. "या गाडीची ताकद इंजिनात नाही," ते भेटेल त्याला ऐकवत, "वजनात आहे. सहाशे दहा किलो फक्त! हलकी गाडी, थोडे घोडे, आणि वाऱ्याशी गप्पा."

हे पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी ऐकलं. प्राध्यापक पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि वर्ग सुटला तरी शिकवणं सुटलं नव्हतं. ते गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "फारच हलकी आहे हो. वळणावर मागची चाकं रस्ता सोडतील. मागे थोडं वजन ठेवा."

वजन ही काटेसाहेबांच्या घरचीच गोष्ट. एका कोळशाच्या वखारीचा काटा तपासून खात्याची वीस-वीस किलोची सहा प्रमाणित वजनं नुकतीच परत आली होती. ती त्यांनी डिकीत तळाला ओळीनं मांडली आणि वर सतरंजी टाकली. तात्पुरती. सरकारी कामात तात्पुरत्या गोष्टीला कायम नोकरीपेक्षा जास्त आयुष्य असतं. कचेरीच्या वहीत त्या वजनांपुढे 'साहेबांच्या ताब्यात' असं लिहिलं गेलं, आणि साहेब ती साफ विसरून गेले.

आता चढाबद्दल सांगायला हवं. वहिनींची थोरली बहीण गावाबाहेरच्या टेकडीवर राहायची. दर रविवारी दोघांनी तिथे जेवायला जायचं हा लग्नापासूनचा नेम. टेकडीच्या रस्त्याला तीन वळणं होती आणि तिसरं नुसतं भिंतीसारखं उभं. पहिल्या रविवारी गाडी तिथे पोचली, खोकली आणि थांबली. वहिनी उतरल्या. गाडी हळूहळू पुढे गेली. वहिनी पदर खोचून मागून चालत वर आल्या. गॅलरीत काटेसाहेबांचे साडूभाऊ उभे होते. साडूभाऊंची गाडी म्हशीएवढी मोठी आणि आवाज न करणारी. "हे काय, धाकटी पायी?" असं ते नुसतं म्हणाले. साडूनं मारलेला टोमणा लागतो जास्त, कारण त्याला उलट बोलायचं तर दोन बहिणी मध्ये येतात.

असे दोन वर्षांचे रविवार गेले. वळण आलं की वहिनी न सांगता उतरत, दार हलकेच लावत आणि चालू लागत. काटेसाहेब वर जाऊन, गाडी सावलीत लावून, साडूभाऊंशी हवापाण्याचं बोलत थांबत. वहिनी यायला पंधरावीस मिनिटं लागायची. इतका वेळ का लागतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग एका रविवारी ते बोलून गेले. वहिनी दार उघडून उतरत असताना, स्टिअरिंगवर बोटं वाजवत, अगदी सहज म्हणाले, "थोडं वजन कमी झालं ना, तर चढेल ही."

माणूस तीस वर्षं संसार करतो, पण कुठलं वाक्य गिळायचं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. वहिनींनी दार हलकेच लावलं आणि त्या चालू लागल्या. संध्याकाळी घरी चहा झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या कपात साखर घातली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि पुढच्या रविवारी त्या गाडीत बसल्याच नाहीत.

"मी बसनं जाते," त्या म्हणाल्या. "पायथ्याशी उतरेन आणि चालत येईन. नाहीतरी चालायचंच असतं."

"अगं, मी गाडीबद्दल बोललो."

"मीपण गाडीबद्दलच बोलतेय. ज्या दिवशी ती मला घेऊन वरपर्यंत जाईल, त्या दिवशी बसेन. तोवर तुमचे सहाशे दहा किलो तुम्हाला लखलाभ."

शेजारची जागा रिकामी ठेवून दोनजणांची गाडी चालवणं फार वाईट. तीनचार रविवार काटेसाहेबांनी ते सोसलं. उजवीकडे वळताना डावीकडे बघायची सवय लागलेली, आणि डावीकडे कुणी नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की घोडे वाढवायचे.

मिस्त्रीचं गॅरेज बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. मिस्त्री मितभाषी. हातात कायम एक चिंधी, आणि कुठलंही उत्तर देण्याआधी तो त्या चिंधीला हात पुसायचा, मग हात स्वच्छ असोत की नसोत.

"ताकद वाढवायची आहे," काटेसाहेब म्हणाले.

मिस्त्रीनं हात पुसले. "किती?"

"एक माणूस चढेल इतकी."

"माणूस केवढा?"

काटेसाहेब टायर बघू लागले. तो आकडा विचारायची त्यांची छाती नव्हती.

मिस्त्रीनं पर्याय सांगितले. एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवायचे. किंवा हेड घासून इंजिनाचा दाब वाढवायचा. किंवा टर्बो लावायचा, म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबायची. किंवा सरळ दुसरं मोठं इंजिन. "पण साहेब, आधी एकदा नीट तपासू द्या. गाडी मागे बसल्यासारखी वाटतेय. डिकी उघडता?"

"डिकीत काही नाही," काटेसाहेब म्हणाले. "आणि इंजिन पुढे आहे." डिकीची किल्ली ते कुणाला देत नसत. मिस्त्रीनं पुन्हा हात पुसले आणि मागच्या स्प्रिंगा बदलून दिल्या. गाडीचं बूड वर आलं. काटेसाहेबांना ते फार रुबाबदार वाटलं.

पुढच्या दोन महिन्यांत त्या गाडीचं जे झालं ते शत्रूच्या गाडीचंही होऊ नये. जोड कार्बोरेटर बसले, पण त्यांच्यावर बॉनेट बसेना. म्हणून बॉनेटला भोक पाडलं. भोकातून पाऊस आत जाऊ नये म्हणून काटेसाहेबांनी वहिनींचं दूध तापवायचं पातेलं उपडं घालून दोरीनं बांधलं. वहिनींनी सकाळी पातेलं शोधलं, खिडकीतून पाहिलं, आणि दूध कढईत तापवलं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि हे काटेसाहेबांना चार शब्द ऐकण्यापेक्षा जड गेलं.

मग प्राध्यापक म्हणाले की आत जास्त हवा जाते तर धूरही जास्त यायला हवा, तेव्हा सायलेन्सर मोठा करा. मोठा सायलेन्सर बसला. मोठा म्हणजे आवाजानं मोठा. सकाळी गाडी सुरू झाली की समोरच्या इमारतीतली तान्ही मुलं एकदम रडायला लागायची आणि आजारी माणसं उठून बसायची. गल्लीतल्या वाचनालयानं तक्रारीचं पत्र पाठवलं. काटेसाहेबांनी ते मानानं वाचून घडी करून खिशात ठेवलं आणि यापुढे गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी ढकलत न्यायचं ठरवलं. ढकलायला प्राध्यापक यायचे. वाटेत ते घर्षणाचे नियम सांगायचे आणि नियम सांगताना ढकलायचं विसरायचे.

एवढं करून एका रविवारी काटेसाहेबांनी प्राध्यापकांना शेजारी बसवून चढ चढून पाहिला. गाडी पहिल्या वळणाला गरजली, दुसऱ्याला डरकाळली आणि तिसऱ्याला खोकून थांबली. प्राध्यापक उतरले. वर गॅलरीत साडूभाऊ कानात बोटं घालून उभे होते. म्हणाले, "आवाज वर आला होता मघाशीच. म्हटलं, गाडीपण येईल."

"टर्बो!" प्राध्यापकांनी घरी येऊन कागदावर गणित मांडलं. "ताकद भागिले वजन. वजन सहाशे दहा धरतो. पंच्याहत्तर घोडे हवेत."

मिस्त्रीनं हात पुसले. टर्बोला बॉनेटखाली जागा नाही, म्हणाला. बॅटरी हलवावी लागेल. बॅटरी हलवली ती नेमकी शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी. काटेसाहेबांनी ते वाकून पाहिलं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिला आता पाय ठेवायला जागा नव्हती. पण माणूस इतका पुढे गेला की मागे वळायला त्याला लाज वाटते.

"टर्बो लावण्याआधी वाहन नोंदणी कचेरीची परवानगी आणा," मिस्त्री म्हणाला. "नंतर आणायला गेलात तर गाडी तिथेच ठेवून घेतात."

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला. "इंजिनाची ताकद वाढवण्याचं कारण?"

काटेसाहेबांनी तिथे 'कौटुंबिक' असं लिहिलं होतं.

कारकुनानं चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि त्याला बहुधा काहीतरी उमगलं, कारण त्यानं तो रकाना तसाच सोडला. "ठीक आहे. पण वजनाचा दाखला नाही. गाडीचं रिकामं वजन आणि प्रवाशासह वजन."

"कागदावर आहे की. सहाशे दहा."

"तो कागद गाडी नवी होती तेव्हाचा. तोललेलं पाहिजे. तुमच्याच खात्यानं शिक्का मारलेल्या काट्यावर." कारकून जरासं हसला. "तुम्हाला वेगळं काय सांगायचं, साहेब."

तीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगण्यात गेल्यामुळे काटेसाहेबांनी अर्ज परत घेतला.

प्रवाशासह वजन म्हणजे प्रवासी पाहिजे. प्राध्यापक त्या आठवड्यात मुलाकडे गेले होते. काटेसाहेब स्वयंपाकघराच्या दारात दोनदा येऊन परत गेले. तिसऱ्यांदा वहिनींनीच विचारलं, "काय हवंय?"

त्यांनी सांगितलं. वहिनींनी हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं.

"चढ नाही ना चढायचा? फक्त काट्यावर बसायचं?"

"फक्त काट्यावर."

"चला. एकदाचं कळू दे सगळ्यांना, कुणामुळे अडलंय ते." काटेसाहेबांनी चपला शोधायच्या निमित्तानं खाली मान घातली.

कोळशाच्या वखारीवर मोठा वजनकाटा होता, अख्खा ट्रक चढवून तोलायचा. त्याच्यावर काटेसाहेबांचाच शिक्का. काटेवाला जुना, बसकी खुर्ची आणि जाड वही घेऊन काचेच्या खोलीत बसलेला. गाडी लोखंडी फळीवर चढली. वहिनी बॅटरीवर पाय ठेवून, गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या होत्या आणि समोर बघत होत्या.

"नऊशे दहा!" काटेवाल्यानं ओरडून सांगितलं.

काटेसाहेब दचकले. वहिनींनी डोळे मिटले.

"आता वहिनी, तुम्ही उतरा," काटेवाला म्हणाला.

वहिनी उतरल्या. "आठशे पंचावन्न!"

हिशेब सोपा होता. वहिनी पंचावन्न किलो. पंचावन्न! एवढ्याशा वजनासाठी बॉनेटला भोक पडलं होतं. पण काटेसाहेब दुसऱ्याच गोष्टीवर अडले होते. "आठशे पंचावन्न कसे? गाडी सहाशे दहाची आहे!"

"साहेब," काटेवाला खिडकीतून म्हणाला, "तुम्ही बसलेलेच आहात."

साहेब उतरले. काटा थोडा डुलला आणि थांबला. "सातशे पासष्ट!"

आठशे पंचावन्नातून सातशे पासष्ट वजा केले की नव्वद उरतात, हे प्राध्यापकांशिवायही कळत होतं. वहिनींनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत, विशेषतः मधे, एकदा पाहिलं. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

पण गाडीचे दीडशे किलो तरीही जास्तच होते, आणि काटेसाहेबांचा मान आता पणाला लागला होता. त्यांनी छाती पुढे काढली. "हा काटा चुकतोय."

"साहेब, शिक्का तुमचा आहे."

"शिक्का दोन वर्षांपूर्वीचा आहे! काटा बिघडलाय. मी आत्ताच्या आत्ता याची तपासणी करणार. सरकारी प्रमाणित वजनं लावून. काय समजलात? वजनं माझ्याकडेच आहेत, इथे डिकी..."

वाक्य तिथेच थांबलं. हात मात्र सवयीनं किल्लीपर्यंत गेला होता आणि किल्ली कुलपात फिरली होती. डिकी उघडली. वर दोन विटा, दुसरा जॅक, पाण्याचे दोन भरलेले कॅन, जाड दोर, एक फावडं, 'असू दे, लागेल' म्हणून ठेवलेलं जे जे कधीच लागलं नव्हतं ते सगळं. त्याखाली सतरंजी. आणि सतरंजीखाली ओळीनं, खात्याचा शिक्का झळकवत, सहा वजनं.

काटेवाला बाहेर आला, डोकावला, आणि पुन्हा आत जाऊन वही उघडून बसला. भला माणूस. त्यानं वहीत तोंड घालून हसून घेतलं.

काटेसाहेब ती सहा वजनं नुसती बघत राहिले. तीस वर्षांत कुठल्या वाण्याचा पाव किलो इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता त्यांनी. आणि दोन वर्षं स्वतःच्या डिकीत एकशेवीस किलो घालून फिरले, आणि आळ घेतला पंचावन्न किलोवर. "अगं," ते म्हणाले. "अगं, मी चुकलो."

वहिनींनी एक वजन उचलायला हात घातला.

"राहू दे, जड आहे."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं मीच होते ना ते वजन." पण दुसऱ्या बाजूनं त्यांनी धरलं, आणि दोघांनी मिळून सहाही खाली उतरवली.

टर्बो नको म्हणून सांगायला गेले तेव्हा मिस्त्रीनं हात पुसले आणि बॅटरी परत जागेवर नेली. सायलेन्सर जुना लागला, कार्बोरेटर एकच राहिला. पातेलं घासूनपुसून स्वयंपाकघरात गेलं. बॉनेटच्या भोकावर मात्र पत्र्याचं ठिगळ आलं आणि ते अजून आहे.

रविवारी वहिनी गाडीत बसल्या. पाय लांब करून. डिकी रिकामी, हवा छान, आणि गाडी पहिलं वळण असं चढली की काटेसाहेबांनी शीळ घातली. दुसरंही चढली. तिसऱ्या वळणावर मात्र दोन महिन्यांच्या खटाटोपानं आणखी थकलेले म्हातारे घोडे खरोखरच दमले. गाडी अर्ध्यात आली आणि खोकली.

वहिनींचा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला. चेहरा पडला.

काटेसाहेबांनी हँडब्रेक ओढला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. आकडे त्यांना पाठ होते. पंचावन्न आणि नव्वद.

"तू बस," ते म्हणाले. "मी उतरतो. तू चालव."

"मी?"

"परवान्याच्या परीक्षेत तू पहिल्या फटक्यात पास झालीस. मी तिसऱ्यांदा झालो. विसरलीस?"

वहिनी विसरल्या नव्हत्या. अठ्ठावीस वर्षांत परवाना दोनदा नवा करून घेतला होता, पण किल्ली कुणी दिली नव्हती. त्या सरकून स्टिअरिंगपाशी बसल्या, साडी सारखी केली, आरशात एकदा पाहिलं, आणि गाडी एकदाही न खोकता वळण चढून दिसेनाशी झाली.

काटेसाहेब चालू लागले. पन्नास पावलांत त्यांना धाप लागली, शंभरात छाती भात्यासारखी हलू लागली. वळणाच्या टोकाला एक शिंप्याचं दुकान होतं. इतक्या वेळा इथून गेले, पण ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शिंप्यानं मशीन थांबवलं आणि दारात एक स्टूल आणून ठेवलं.

"बसा. तुम्ही त्या ताईंचे यजमान ना? लाल गाडीवाले?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"ताई दर रविवारी बसायच्या इथे. या स्टुलावर. पाणी प्यायच्या, श्वास खाली बसला की मग जायच्या. म्हणायच्या, हे वर वाट बघत असतील, धापा टाकत गेले तर त्यांना वाईट वाटेल." शिंप्यानं पाण्याचा पेला पुढे केला. "आज गाडी स्वतः चालवत गेल्या. हात केला मला."

काटेसाहेब पाणी प्यायले. मग बराच वेळ ते त्या स्टुलावर बसून राहिले, श्वास खाली बसल्यावरही. रस्ता खाली दूरवर दिसत होता आणि तो फार उभा होता.

ते वर पोचले तेव्हा साडूभाऊ गॅलरीत होतेच. "काय हो, आज तुम्ही पायी?"

"गाडीत वजन जास्त झालं होतं," काटेसाहेब म्हणाले. "ते उतरवलं."

साडूभाऊंना पुढे काही सुचलं नाही. असं आयुष्यात एकदाच झालं आणि काटेसाहेबांना त्याचा आनंद घ्यायचंही भान नव्हतं. ते आत गेले. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, केस वाऱ्यानं विस्कटलेले, गाल लाल, गाडीची किल्ली मुठीत. थोरली बहीण चहा ओतत होती.

"फार वेळ लागला तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "वळणावर शिंप्याचं दुकान आहे. दमलात तर बसायचं होतं तिथे."

"बसलो होतो," काटेसाहेब म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. मग वहिनींनी आपला कप बहिणीपुढे सरकवला.

"ताई, साखर घाल गं," त्या म्हणाल्या. "दोन चमचे."